डागी तागा आणि लूमचे तेल
पॉवरलूमवाल्या भावांनो, ताग्यावर तेलाचा डाग दिसला की आम्ही व्यापारी माल परत करतो आणि मजुरी कापली जाते विणकराची. तेल मात्र कुणी तपासत नाही. डब्यावरचा व्हीजी ६८ हा आकडा ४० अंश सेल्सिअसला तेल किती दाट आहे ते सांगतो; मशीनला लागेल तोच घ्यावा. धुऊन निघणाऱ्या लूम ऑइलमध्ये तेल पाण्यात मिसळवणारे रसायन असते, म्हणून डाग धुलाईत सुटतो. साध्या तेलाचा सहसा सुटत नाही. गिअरबॉक्समधील तेलाचा थेंब टीपकागदावर टाका. मधोमध काळा ठिपका राहिला तर तेलात घाण आहे. तापलेल्या पत्र्यावर, तोंड लांब ठेवून, छोटा थेंब टाका; तडतडला तर पाणी शिरले आहे. असे तेल बदलावे. गरिबाची मजुरी कापण्यापूर्वी एवढी तपासणी आपल्यावर वाजिब आहे.