संगणकावर कोष्टक छापताना

ज्या शाळांत संगणक आला आहे, तेथे वरच्या वर्गातील मुलांकडून लहानशी आज्ञावली लिहवून टर्मिनलवर कोष्टक छापवून घेणे हा गणिताचा व भाषेचा एकत्र पाठ होऊ शकतो. टर्मिनल म्हणजे संगणकाचा केवळ अक्षरे दाखविणारा पडदा. चौकटीच्या वहीप्रमाणे तेथे सामान्यतः प्रत्येक चिन्हास एक घर मिळते व घरे मोजूनच स्तंभ उभा करावा लागतो.

आपल्या दोन जिल्ह्यांचेच उदाहरण घ्यावे. साताऱ्याचे क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर व सांगलीचे ८,५७२. हे आकडे डाव्या कडेस जुळवून छापल्यास ८ हा अंक १ च्या खाली येतो आणि घाईने वाचणाऱ्या मुलास सांगली मोठी वाटते. (आकड्यांना मजकूर समजून क्रम लावावयास सांगितल्यास संगणकही ८,५७२ यास शेवटी, म्हणजे मोठे म्हणून, बसवितो.) यास्तव आकडे उजव्या कडेस जुळवावेत, एककाखाली एकक आले पाहिजे. बेरीज मांडताना मुले हेच करतात, हे त्यांच्या ध्यानी आणून द्यावे.

स्तंभाची रुंदी अंदाजाने ठरवू नये. आधी सर्व नोंदी पाहून सर्वांत लांब नोंद शोधावी आणि तिच्याएवढी घरे राखावीत. सांगली जिल्ह्याचे नाव १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ असे होते. जुनी माहिती घेतली आणि रुंदी मात्र ‘सांगली’पुरतीच ठेवली, तर पुढील सर्व स्तंभ त्या ओळीत उजवीकडे ढकलले जातात. पायथन या भाषेत रुंदी सांगितली की मोकळी घरे संगणक आपण होऊन भरतो. स्वल्पविराम मात्र तो तीन-तीन अंकांवर देतो. २०११ च्या जनगणनेतील साताऱ्याची ३०,०३,७४१ ही लोकसंख्या ३,००३,७४१ अशी छापली जाते. लक्ष-कोटींची आपली रीत हवी असल्यास तेवढा भाग स्वतंत्र लिहावा लागतो.

खरी अडचण नावांत आहे. संगणक काना, मात्रा, अनुस्वार ही सर्व निरनिराळी चिन्हे म्हणून मोजतो. ‘सातारा’ व ‘सांगली’ दोन्ही त्याच्या लेखी सहा चिन्हांचीच. परंतु अनुस्वार शिरोरेषेवर बसतो, त्यास बहुतेक टर्मिनलांत वेगळे घर मिळत नाही. त्यामुळे ‘सांगली’ पाचच घरे व्यापते व पुढचा आकडा एक घर डावीकडे सरकतो. ‘फलटण’ आणि ‘जत’ बिनचूक उतरतात. ‘कवठे महांकाळ’मध्ये मात्रा व अनुस्वार मिळून दोन घरांची तूट येते. मुलांनी आज्ञावली नीट लिहूनही ओळी वाकड्या येतात, तेव्हा त्यांना बोल लावू नये; कारण शोधावयास सांगावे.

शून्य घर घेणारी चिन्हे वगळून मोजणारी साधने उपलब्ध आहेत, परंतु शाळेपुरता सोपा उपाय असा की, आकडे आधी व नाव शेवटी छापावे. नावापुढे स्तंभच नसल्याने बिघडावयाचे काही उरत नाही. लोकसंख्या, क्षेत्रफळ व जिल्हा या क्रमाने कोष्टक असे दिसेल:

३०,०३,७४१  १०,४८०  सातारा
२८,२२,१४३   ८,५७२  सांगली

नंतर मुलांनी आपल्या तालुक्यातील गावांची नावे घेऊन प्रत्येकात संगणक किती चिन्हे मोजतो व डोळ्यांस किती घरे दिसतात, हे चौकटीच्या वहीत लिहून काढावे. जोडाक्षरांची नावे शेवटी घ्यावीत. हलन्ताचे चिन्हही वेगळे मोजले जाते.