अडकित्त्यापुढे थांबायला हवं होतं

माझा मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा होता. लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढ्याहून पुण्याला जायचं म्हणजे आमचा अख्खा दिवस मोडतो. आधी लोणावळा स्टेशन, मग लोकल, शिवाजीनगरला उतरून रिक्षा. एवढं जायचंच तर सगळं उरकून यावं, असं मी ठरवलं. आधी राजा दिनकर केळकर संग्रहालय, तिथून अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, जमलं तर तुळशीबाग. तो दिवस मी कसा वाया घालवला ते सांगते, म्हणजे तुमचा जाणार नाही.

संग्रहालयात तो अडकित्त्यांच्या कपाटापुढे थांबला. घरी माझ्या सासूबाई जेवण झालं की पाय पसरून सुपारी कातरतात, आणि हा शेजारी बसून त्या कटकट आवाजाकडे बघत राहतो. त्यानं काचेला बोट टेकवलं. "आज्जीचं!" मी म्हटलं, "हो हो, आज्जीचं, चल आता," आणि त्याचा दंड धरून पुढे निघाले. वरचे मजले बघायचे राहिले होते ना! थोड्या वेळानं त्यानं जमिनीवर अंग टाकलं. भूक, झोप, दमलेले पाय, सगळं एकदमच बाहेर आलं. पुढचं काही मी पाहिलं नाही आणि त्यानंही नाही.

आता वाटतं, मूल थांबेल तिथे थांबावं, हे त्या वास्तूत तरी मला कळायला हवं होतं. दिनकर केळकरांचा एकुलता मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं हे संग्रहालय उभं आहे. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणाऱ्या या माणसानं १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, आणि संग्रह वीस हजारांच्या वर गेला. त्यात काय आहे? दिवे, अडकित्ते, फणेरपेट्या, वाद्यं, स्वयंपाकघरातली भांडी, दारं. म्हणजे घरात हाताळलेल्या वस्तू. लहान मुलाला ओळखीचं वाटावं असं याहून चांगलं ठिकाण नाही.

दुसरी चूक त्याच संध्याकाळी झाली आणि ती जास्त महाग पडली. परतताना घाईघाईत मी नऊ बोधकथांचा एक संच घेतला, स्वस्त मिळाला म्हणून. पानभर बारीक मजकूर आणि कोपऱ्यात एवढंसं चित्र. घरी वाचायला बसले तर हा भराभर पानं उलटायला लागला. "थांब, आधी ऐक," असं दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा पान टर्रकन फाटलं आणि मी त्याच्या हातावर चापट मारली. त्यानंतर कितीतरी दिवस मी पुस्तक उघडलं की तो दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा राहायचा. ते हात आजही डोळ्यांसमोर येतात.

सासूबाईंनीच एकदा सांगितलं, "अगं, त्याला वाचायचं नाहीये, बघायचंय. बघू दे की." मी संच उचलून ठेवला. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, फक्त प्राण्यांची चित्रं असलेलं एक पुस्तक आणलं आणि त्याच्या खेळण्यांत टाकून दिलं. मी हात लावला नाही. चार-पाच दिवसांनी तोच ते घेऊन मांडीत येऊन बसला. मग माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' आणलं. त्यातली राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. हा प्रत्येक चित्रावर बोट ठेवून आमच्या घरातलं माणूस शोधायचा. आमच्या मावळात पावसाळ्याचे चार महिने मूल घरातच असतं, त्या वर्षी ती पुस्तकं अक्षरशः पानं सुटेपर्यंत वापरली. (पावसात पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरते. पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि ऊन पडलं की वाऱ्यावर टाका.)

तेव्हा लहान मूल घेऊन निघणार असाल तर एक दालन ठरवा, फार तर दोन. सकाळी पोहोचा, आत जाण्याआधी खाऊ घाला. एकदा तिथे उकिडवं बसून बघा, काचेतलं त्याला खरंच दिसतंय का. नसेल तर कडेवर घ्या. तो जिथे थांबेल तिथे थांबा, नावं-सनावळी सांगू नका, "हे आपल्याकडे आहे का रे?" एवढंच विचारा. परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवा, दुपारच्या लोकलमधलं अंतर मोठं असतं. आणि पुस्तकखरेदी त्याच दिवशी करू नका. करायचीच तर दुकानात त्याच्या हातात दोन-तीन पुस्तकं द्या. ज्याचं पान तो पुन्हा उलटेल, ते घ्या.

दर वेळी पुण्यालाच जायला हवं असंही नाही. कार्ल्याचं लेणं आपल्या दारात आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, मूल काही वेळ उचलावं लागतं, आणि एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते म्हणून सुट्टीचा वार टाळावा. पण चैत्यगृहाच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना दगडातले मोठे हत्ती आहेत. आम्ही तिथे बराच वेळ फक्त हत्ती मोजले. आतल्या छताच्या दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी मी एकटीनं, मान वर करून पाहिल्या. घरी आल्यावर त्यानं पेटीतून प्राण्यांचं पुस्तक काढलं आणि हत्तीचं पान उघडून सासूबाईंपुढे धरलं.

या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा केळकर संग्रहालयात गेलो, या वेळी सासूबाईंना घेऊन. अडकित्त्यांपुढे तासभर होतो. आज्जी सांगत होती, नातू विचारत होता. वरचे मजले मी अजून पाहिलेले नाहीत.