उताराला लागलं की बंदर येतं

जेनोवाला बहुतेक माणसं कुठेतरी जाता जाता उतरतात. क्रूझचं जहाज धक्क्याला लागतं, मत्स्यालय बघून होतं, नाहीतर चिंक्वे तेर्रेच्या गाडीआधी एक कॉफी होते. मग ‘शहर जरा मळकटच आहे हो’ असा शेरा मारून मंडळी पुढे जातात. मळकट आहेच. पण शतकानुशतकं व्हेनिसशी टक्कर देणारं हे बंदर बघ्यांसाठी बांधलेलंच नाही. माल उतरवायचा, पैसे मोजायचे आणि श्रीमंती दाराआड ठेवायची, यासाठी ते वसलं. म्हणून इथे पायी फिरायची रीतही थोडी वेगळी आहे. मला उमगली ती अशी.

१. नकाशा खिशात ठेवा, उतार बघा.

जुन्या गावातल्या बोळांना इथे ‘कारुज्जी’ म्हणतात. काही बोळ इतके अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, आणि वर सहा-सहा, सात-सात मजले. मोबाइलला आकाशच दिसत नाही, त्यामुळे त्याचा निळा ठिपका खुशाल शेजारच्या गल्लीत जाऊन उभा राहतो. त्याच्या नादी लागण्यापेक्षा पायांना विचारावं. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे गाव कोंबलेलं आहे. उताराला लागलात की बंदर येतंच, आणि चढ सुरू झाला की समजावं, पाठ समुद्राकडे आहे. बुटांचे तळवे मात्र खरखरीत हवेत. इथल्या फरशा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत आणि पावसात त्या कुणाचीच भीड ठेवत नाहीत.

२. लाल आकडा दुकानाचा, काळा आकडा घराचा.

हे कुणी आधी सांगत नाही. एकाच रस्त्यावर नंबरांच्या दोन रांगा स्वतंत्र चालतात, त्यामुळे लाल सात आणि काळा सात यांच्यात बरंच अंतर असू शकतं. खानावळीच्या पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ असेल तर लाल पाटीच शोधायची.

३. मान वर ठेवा, आणि दार किलकिलं दिसलं की आत डोकवा.

जेनोवा हे प्रजासत्ताक होतं. राजा नाही, म्हणून राजवाडाही नाही. मग परदेशचे राजे, सरदार, पोपचे दूत आले की त्यांना उतरवायचं कुठे? १५७६ मध्ये सिनेटने यावर तोडगा काढला. बड्या घराण्यांच्या वाड्यांच्या याद्या केल्या, वाड्यांची प्रतवारी लावली आणि पाहुण्याच्या मानाप्रमाणे त्या त्या प्रतीतून चिठ्ठी काढायची असं ठरवलं. चिठ्ठीत नाव निघालं की पाहुणा तुमच्या घरी. या याद्या म्हणजे ‘रोल्ली’. सरकारी पाहुणचार खासगी दिवाणखान्यांवर सोपवायची ही शक्कल पक्क्या व्यापारी डोक्यातूनच निघावी. चित्रकार रुबेन्सला हे वाडे इतके आवडले की आपल्या अँटवर्पच्या लोकांना नमुना म्हणून त्याने त्यांच्या आराखड्यांचं पुस्तकच १६२२ मध्ये छापलं. त्यांतल्या ४२ वाड्यांना २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली.

व्हिया गारिबाल्दीवर हे वाडे ओळीने उभे आहेत. तिथे कुणीही जाईल, आणि जावंच. त्यातल्या पालात्सो तुर्सीमध्ये नगरपालिका आहे आणि पागानिनीचं १७४३ सालचं व्हायोलिनही. पण मला जास्त ओढ आहे ती गल्लीबोळांत अडकलेल्या वाड्यांची. त्यांचा दर्शनी भाग बघायला मागे सरकावं तर पाठ समोरच्या भिंतीला टेकते. बाहेरून वकिलाची पाटी, दंतवैद्याची पाटी, कचऱ्याची पिशवी. आत दोन पावलं टाकली की खांबांचं अंगण, संगमरवरी जिना, एखाद्या छतावर देवदेवतांची गर्दी. ‘पेर्मेस्सो?’ म्हणजे ‘आत येऊ का?’ एवढं विचारावं. बहुतेक वेळा मान हलते. वर्षातून काही दिवस हे खासगी वाडे मुद्दाम लोकांसाठी उघडतात, ‘रोल्ली डेज’ म्हणून. तारखा जमत असतील तर बाकीचा बेत त्यांच्याभोवती आखावा.

मान वर ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या मेरीमातेच्या देवळ्या आणि दारांवरचे काळ्या पाटीच्या दगडात कोरलेले सेंट जॉर्ज. घोड्यावरून ड्रॅगनला भाला मारणारा हा संत जेनोवाचा जुना राखणदार. कुठे त्याचा चेहरा झिजलाय, कुठे नुसता ड्रॅगन उरलाय.

४. पैशाचा माग काढत चाला.

पियात्सा बांकीपासून सुरुवात करावी. सराफ इथे बाकं मांडून बसत. त्या चौकातलं सान पिएत्रो हे चर्च नीट बघा. देव वरच्या मजल्यावर आणि खाली दुकानांचे गाळे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे चर्च उभारताना खालचे गाळे विकून पैसा उभा केला. आपल्याकडच्या बिल्डरांनी दर्शनाला जावं अशी जागा!

तिथून उतरलं की पालात्सो सान जॉर्जो. १२६० मध्ये बांधलेली ही इमारत पुढे तुरुंग झाली. मार्को पोलोने कैदेत असताना आपल्या प्रवासाची हकीकत सोबतचा कैदी रुस्तिकेल्लो याला सांगितली ती इथेच, असं परंपरा मानते. १४०७ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉर्ज बँकेचा कारभार पुढे याच इमारतीतून चाले. आज तिथे बंदराचं कार्यालय आहे. शेजारी सोत्तोरिपाच्या कमानी. बाराव्या शतकापासून त्यांच्याखाली व्यापार चालू आहे, आणि आज तळलेल्या माशांपासून मोबाइलच्या कव्हरांपर्यंत सगळं तिथे मिळतं.

आणि मग, समुद्र दिसणार इतक्यात, डोक्यावरून धडधडत जाणारा उड्डाणपूल. १९६५ मध्ये गाव आणि पाणी यांच्यामधोमध तो बांधला. सौंदर्यप्रेमी मंडळी त्याच्या नावाने बोटं मोडतात. मला मात्र तो या गावाच्या स्वभावाला धरूनच वाटतो. वाहतूक आधी, देखावा नंतर.

५. कोलंबसच्या घरासाठी रांग लावू नका.

पोर्ता सोप्रानाजवळचं ते घर अठराव्या शतकात पुन्हा बांधलेलं आहे. मागचा वेशीचा दरवाजा मात्र अस्सल. १०० पावलांत तो बघून होतो. ११५५ च्या सुमारास, बार्बारोसा बादशहाच्या धास्तीने घातलेल्या तटाचा तो भाग. रांगेचा वेळ सान लोरेन्झोच्या कॅथेड्रलला द्यावा. तिथे उजव्या बाजूला एक भलामोठा तोफगोळा ठेवला आहे. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश आरमाराने डागलेला हा गोळा चर्चमध्ये पडला आणि फुटलाच नाही.

६. दुपारी गाव झोपतं, तेव्हा खाऊन घ्यावं.

छोटी दुकानं साडेबाराच्या सुमारास शटर ओढतात ती साडेतीनपर्यंत उघडत नाहीत. शाकाहारी माणसाने इथे अजिबात धास्ती घेऊ नये. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ. रुंद तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. आपलं धिरडं युरोपात जाऊन श्रीमंत झालं म्हणा. कडेचा कुरकुरीत तुकडा मागून घ्यावा आणि वर मिरी भुरभुरावी. फोकाच्चा हा चपटा पाव तर इथली माणसं सकाळी कापुचिनोत बुडवून खातात. ऐकायला विचित्र आहे, पण एकदा खाऊन बघा.

७. लिफ्टने गेलं तरी ते चालण्यातच धरावं.

पियात्सा पोर्तेल्लोमधून एक बोगदा आत जातो आणि १९०९ सालच्या लिफ्टपाशी थांबतो. ही लिफ्ट शहराच्या बससेवेचाच भाग आहे. आजीबाई भाजीची पिशवी घेऊन तिने घरी जातात. वर कास्तेल्लेत्तोच्या सज्जावरून पाटीच्या दगडाची करडी छपरं, क्रेन आणि लांबवर १५४३ चं, ७७ मीटर उंचीचं दीपगृह दिसतं. सगळं बघावं आणि पायऱ्यांनी खाली यावं. त्याहून अजब लिफ्ट स्टेशनजवळची मोंतेगाल्लेत्तोची. ती आधी रुळांवरून आडवी डोंगरात शिरते आणि मग उभी वर चढते.

८. सगळ्या गल्ल्या आपल्या कॅमेऱ्यासाठी नाहीत.

माद्दालेना भागात भरदिवसाही दारात उभ्या बायका दिसतात. त्यांच्याकडे कॅमेरा रोखू नये आणि घाबरून पळूही नये. ‘बुओन्जोर्नो’ म्हणून पुढे जावं. दुकानं मिटली की याच गल्ल्या ओस पडतात. तेव्हा मी मोठ्या रस्त्याने जाते.

९. मॅझिनीसाठी अर्धा दिवस राखून ठेवा.

मराठी माणसाला या गावाशी जोडणारा एक धागा आहे. इटलीच्या स्वातंत्र्यलढ्यातला जुझेप्पे मॅझिनी २२ जून १८०५ ला इथल्या व्हिया लोमेल्लिनीवरच्या घरात जन्मला. आज तिथे त्या लढ्याचं संग्रहालय आहे. १९०६ मध्ये लंडनला पोचल्या पोचल्या सावरकरांनी मॅझिनीचं आत्मचरित्र मराठीत आणलं, १९०७ मध्ये ते छापून निघालं आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. मॅझिनीने ‘यंग इटली’ ही संघटना १८३१ मध्ये मार्सेत स्थापली होती. त्याच मार्सेच्या बंदरात १९१० मध्ये सावरकरांनी बोटीतून उडी टाकली.

मॅझिनीची समाधी शहराबाहेर, स्ताल्येनोच्या दफनभूमीत, झाडीने भरलेल्या चढावर आहे. पुढे दोन बुटके, जाडजूड खांब आणि वर नाव. इटली एक झाली ती राजाच्या झेंड्याखाली. हा मात्र अखेरपर्यंत प्रजासत्ताकवादी राहिला आणि १८७२ मध्ये पिसा इथे खोट्या नावाने राहत असताना गेला.

खालच्या ओवऱ्यांत शेठसावकारांचे संगमरवरी पुतळे आहेत, आणि त्यांच्यात कातेरिना काम्पोदोनिको नावाची एक फेरीवाली. जत्रांमधून हेझलनटच्या माळा आणि कडबोळ्यासारखे पाव विकून तिने पैसे साठवले आणि १८८१ मध्ये, स्वतः हयात असताना, नामवंत शिल्पकाराकडून आपला पुतळा करवून घेतला. झालरीचा पदर, अंगावर ठेवणीतला पोशाख, हातात त्याच माळा आणि तेच पाव. आजूबाजूचे जहाजमालक तिच्यापुढे फिके पडतात. बस थेट फाटकाशी सोडते, पण फाटक संध्याकाळी लवकर लागतं, म्हणून सकाळीच निघावं.