खोक्यातली धामण

मागच्या जूनमध्ये भरदुपारी सालदाराची बांधावरून हाक आली, "भाऊ, जाळीत जनावर गुतलं!" परसातल्या भाजीला माकडांसाठी नायलॉनची जाळी मारली होती. तिच्या खालच्या कडेला सहा-सात फुटांची धामण अडकलेली. गळा फुगवून गुरगुरत होती आणि जाळीचे धागे अंगात रुतले होते.

जखमी साप घरी येण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिला आणला तेव्हा मी अकरावीत होतो, १९८४ चा एप्रिल. तीही धामणच होती. ती सहाव्या दिवशी मेली, ही जगली. दोन्हींमधून जे कळले ते असे.

१. साप घरी ठेवायचा नाही. वेळच आली तर रात्रीपुरता, आणि तोही वनखात्याला कळवून.

पुण्याच्या खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले. आमच्या वयाच्या पोरांच्या डोक्यात ते पक्के बसले होते. साप जवळ बाळगणे म्हणजे मर्दुमकी, असा त्याचा सोयीस्कर अर्थ आम्ही काढला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तो मला ठाऊकही नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर धामण, नाग, घोणस हे साप पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. साप पाळणे सोडाच, परवानगीशिवाय घरी बाळगणेही गुन्हा आहे. या वेळी आधी १९२६ ला फोन लावला. हा वनखात्याचा टोल फ्री क्रमांक आहे. वनरक्षक म्हणाले, "सर्पमित्राला पाठवतो. उशीर झाला तर रात्रभर सांभाळा, सकाळी घेऊन जातो."

२. दूध पाजू नये, हळद भरू नये, तोंडात काही कोंबू नये.

माझ्या आजोबांच्या दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनात नेहरूंना जवळून पाहिल्याची एक, आणि धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही दुसरी. पहिली खरी होती. १९८४ ची ती धामण केळीला दांड धरताना फावड्याखाली आली होती, कुशीवर चार बोटांची चीर. मी जखमेत हळद आणि तेलाचा लेप भरला. शाईच्या ड्रॉपरने तोंडात दूध सोडले. सापाची श्वासनळी तोंडात अगदी पुढे, खालच्या जबड्यावरच उघडते. वरून ओतलेले पातळ थेट फुप्फुसात उतरू शकते. हे मला कॉलेज संपल्यावर कळले. तिसऱ्या दिवशी चिमट्याने बेडूक कोंबला, तो चौथ्या दिवशी तिने अर्धवट ओकून टाकला. घाबरलेला, दुखावलेला साप पचवू शकत नाही. आठवडाभर खाल्ले नाही म्हणून धडधाकट धामण मरत नाही. उपाशी मी तिला समजत होतो. तिला भूक नव्हतीच. त्यात ती पत्र्याच्या पेटीत होती आणि आमच्याकडचा एप्रिल! पेटीला हात लावला तर चटका बसायचा. ती दुधाने गेली, जखमेने की उन्हाने, हे आजही सांगता येणार नाही. तिन्ही माझ्याच हातचे.

आई तेव्हा रोज विचारायची, "काय करी राह्यला रे भो?" मी म्हणायचो, सेवा.

३. "मला साप ओळखता येतो" हे वाक्य फार महागात पडते.

मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक असतात आणि मानेकडे विरळ होतात, कवड्याचे उलटे. पुस्तकात हे सोपे वाटते. बॅटरीच्या उजेडात, चिखलात, घाबरलेल्या माणसाला ते दिसत नाही. जखमी साप तर चावण्याच्या तयारीतच असतो, आणि मेलेल्या नागाचे तोंडही काही वेळ चावू शकते. पान लागलेच तर दोरी बांधणे, चीर देणे, चोखणे यातले काही करू नये. हात-पाय न हलवता सरळ रुग्णालय गाठावे. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते.

४. जाळीतून साप ओढू नये. साप सोडून जाळी कापावी.

सर्पमित्र यायला दोन तास लागले. तोवर आम्ही फक्त सावलीसाठी ओली गोणी आडवी धरली. सापाचे खवले मागे झुकलेले असतात. पुढे जावे तर अंग जाडच होत जाते, मागे यावे तर धागा खवल्यांखाली अडकतो. त्यामुळे तो जितका धडपडतो तितका रुततो. सर्पमित्र पोराने तिच्या डोक्यावर कापड टाकून मान हलकेच धरली आणि नखे कापायच्या बोथट टोकाच्या कात्रीने एकेक धागा उचलून तोडला. मी मोजत होतो: सव्वीस. शेवटचे तीन मासात गेले होते. त्यांना त्याने हात लावला नाही. "हे डॉक्टरचं काम," म्हणाला. एवढे आपल्या हातून होणार नाही हे कळणारा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. धामणीने त्याच्या शर्टावर असा वास सोडला, की चहा त्याला अंगणातच द्यावा लागला.

५. अंधार आणि शांतता हेच पहिले औषध.

उशीच्या सुती अभ्र्यात धामण, अभ्र्याच्या तोंडाला गाठ, आणि अभ्रा केळीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. निर्यातीच्या खोक्याला भोके असतातच, वेगळी पाडावी लागली नाहीत. खोका देवघराशेजारच्या खोलीत जमिनीवर ठेवला, पंखा बंद, टीव्ही बंद, दाराला कडी. सापाला जमिनीची थरथर कळते, म्हणून मुलांना त्या बाजूला जायची बंदी. रात्री दोनदा उठलो आणि दोन्ही वेळा दार न उघडता परत आलो. माझ्या हातून घडलेली खरी सेवा तेवढीच.

६. गर्दी जमू देऊ नये.

अर्धी गल्ली बघायला आली. कोणी लाह्या आणल्या, कोणी मोबाइल. दोन्ही परत पाठवले.

७. बरे होण्याची घाई आपल्याला असते, सापाला नसते.

सकाळी वनरक्षकांनी पंचनामा करून तिला नेले. पशुवैद्यकाने धागे काढले, टाके घातले. माणसाचे किंवा गुरांचे औषध अंदाजाने द्यायचे नसते, कारण थंड रक्ताच्या जनावराच्या अंगात औषध हळू फिरते आणि हळू उतरते. जखमही हळू भरते; कात टाकली की तिचा व्रण थोडा निवळतो. तीन आठवड्यांनी फोन आला: कात टाकली, खाऊ लागली.

८. जिथे सापडली तिथेच सोडावी.

माझी इच्छा तिला सातपुड्यात सोडायची होती. मनात म्हटले, जंगलात सुखी राहील. वनरक्षक हसले. उंदीर कुठे, बीळ कुठे, पाणी कुठे हे तिला आमच्या शिवाराचे ठाऊक. सातपुड्यातल्या पालच्या जंगलात ती परकी. ती आमच्याच बांधावर, केळीच्या कांदेबागेच्या कडेला सुटली. अभ्र्यातून निघाली, क्षणभर थांबली आणि ठिबकच्या नळीला लागून केळीत शिरली. मागे वळून वगैरे काही पाहिले नाही.

९. आता वाचकांना एक विनंती. भाजी संपली की जाळी बांधावर पडू देऊ नका. गुंडाळून खळ्यात खुंटीला टांगा, फाटली असेल तर बारीक कापून टाका. जाळी लावलेली असेल तेव्हा तिची खालची कड जमिनीपासून वीतभर वर बांधा. माकडे तेवढ्याने आत येत नाहीत. मी वर्षभर पाहिले आहे.