मच्छरदाणी रात्रीची, डास दिवसाचा

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मच्छर म्हणजे संध्याकाळनंतरची गोष्ट. दिवेलागणीला कडुनिंबाचा धूर, रात्री मच्छरदाणी, थंडी वाजून ताप आला की आशाताईला बोलावून बोटाचं रक्त द्यायचं. तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्यांचा हा मुलूख. हिवताप इथे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा. अंगणवाडी सेविका म्हणून गरोदर बायांना मी वर्षानुवर्षं हेच सांगत आले, आणि हिवतापापुरतं ते आजही खरं आहे. २०२४ च्या पावसाळ्यात मात्र पुण्यात राहणाऱ्या माझ्या लेकीला चौथ्या महिन्यात झिकाची लागण झाली. तेव्हा जे समजून घ्यावं लागलं, ते गोंदियातल्या लेकीसुनांसाठी लिहिते आहे. आता आपल्या घराघरांतून कुणी ना कुणी पुण्याला आहे.

रोवणीचे दिवस होते. तिचा फोन आला, अंगावर बारीक पुरळ आहे, डोळे जरासे लाल आहेत, ताप म्हणावा तर नाही. नणंदबाई जवळच होत्या. म्हणाल्या, "पित्त उठलं असन, दोन दिवसांत बसन." पण जूनच्या अखेरीपासून पुण्यातल्या एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडत होते, आणि रुग्ण निघालेल्या भागात महापालिकेची माणसं गरोदर बायांचे नमुने घेत फिरत होती. लेकीचेही नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हा विषाणू रक्तात साधारण आठवडाभर सापडतो, लघवीत थोडा अधिक काळ. त्यामुळे पुरळ उठल्यावर "पुढच्या तपासणीला दाखवू" म्हणून चालत नाही. उशिरा अँटिबॉडीची तपासणी करता येते, पण डेंग्यू होऊन गेलेल्या माणसात ती घोटाळा करते, आणि डेंग्यू न शिवलेलं घर आता शोधावं लागेल. शिवाय झिका झालेल्या पाचांपैकी चौघांना काहीच जाणवत नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात १४० रुग्णांची नोंद झाली, त्यांतले १२५ पुण्याचे. गरोदर बाया त्यात पुष्कळ होत्या, कारण शोध मुख्यतः त्यांचाच चालला होता.

झिका काही नवा नाही. १९४७ मध्ये युगांडातल्या झिका नावाच्या जंगलात एका माकडात तो पहिल्यांदा सापडला. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी निघाला, म्हणजे खेड्यातच. पण जगाचं लक्ष गेलं ते २०१५ मध्ये, ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं एकामागून एक जन्माला येऊ लागली तेव्हा. १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली. त्या बाळांचे फोटो मोबाइलवर अजून फिरतात, आणि आमच्या घरात रिपोर्टच्या आधी ते फोटो पोचले होते.

मग सल्ले सुरू झाले. निम्मं गोत म्हणत होतं, काही होत नाही. उरलेलं निम्मं म्हणत होतं, "पाडून टाका अन् मोकळे व्हा." मला विचाराल तर या दोन सल्ल्यांत फरक फारसा नाही, दोघांनाही तपासणीची वाट बघायची नव्हती.

लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र शांतपणे समजावलं. विषाणू वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो आणि मेंदू घडवणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. म्हणून पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे. प्वेर्तो रिको आणि अमेरिकेच्या ताब्यातल्या इतर बेटांवरच्या २०१७ च्या नोंदींत, लागण पक्की ठरलेल्या आयांपैकी पहिल्या तिमाहीत लागण झालेल्यांच्या शंभरांतल्या ८ बाळांत झिकाशी संबंधित दोष दिसले, दुसऱ्या तिमाहीत ५, तिसऱ्यात ४. आईला लक्षणं होती की नव्हती, यानं या आकड्यांत विशेष फरक पडला नाही. म्हणजे पुरळ नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणून बाळ हातचं गेलं असंही नाही. बहुतेक बाळं धडधाकट जन्मतात. घाईची गरज कायद्यानंही ठेवलेली नाही. गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवलं तर २४ आठवड्यांची मर्यादा आड येत नाही, ही दुरुस्ती २०२१ ची. सोनोग्राफीत काय दिसतं ते आधी पाहावं, निर्णय नंतर, आणि तो नणंदबाईंचा नव्हे.

लेकीला गावाकडे यायचं होतं. असं काही झालं की माहेर आठवतंच, आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट गोंदियाला आणून सोडते. मी नको म्हटलं. वाईट वाटलं तिला. पण ताज्या लागणीच्या माणसाला आमच्याकडचा डास चावला तर तोच डास पुढे शेजारच्या सुनेला चावणार. लागणीनंतर साधारण तीन आठवडे डासांपासून अंग सांभाळायचं असतं, ते स्वतःपेक्षा दुसऱ्यांसाठी. त्याच गाडीनं मग उलट मीच पुण्याला गेले.

जावयाशी सासूनं बोलावं असा विषय नव्हता, तरी तो इथे लिहायला हवा. झिका शरीरसंबंधातूनही जातो. लागण असलेल्या भागात राहणाऱ्या किंवा तिथून आलेल्या नवऱ्यानं बाळंतपण होईपर्यंत निरोध वापरावा, नाहीतर दूर राहावं. पुण्या-मुंबईला कामाला असलेला नवरा सणाला गावी येतो आणि बायकोचे दिवस भरत असतात, हे आपल्या तालुक्यात घरोघरचं चित्र आहे. आशाताईंनी हे उघड बोलावं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून दोन मिनिटांत सांगितलं. कुणी लाजलं नाही.

आता तो डास. झिका, डेंग्यू, चिकुनगुन्या, तिन्ही एडिस डासाचे. अंगावर पांढरे पट्टे, चावतो दिवसा, सकाळी आणि ऊन उतरताना अधिक. बांधीतल्या गढूळ पाण्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. त्याला घरातलं साठवणीचं, स्वच्छ पाणी हवं. लेकीच्या फ्लॅटमध्ये फ्रिजमागच्या ट्रेमध्ये आणि मनीप्लांटच्या बाटलीत अळ्या वळवळताना मी दाखवल्या. आपल्याकडे असते तर कूलर दाखवला असता. मृग लागला की कूलर बंद होतो, पण टाकीत वीतभर पाणी तसंच राहतं. अंडी पाण्याच्या वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. टाकी, रांजण, सिमेंटचं टाकं काथ्यानं घासून काढावं, उन्हात वाळवावं, आणि हे दर आठवड्याला करावं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवसच लागतात. रिकामं करता येत नाही तिथे गप्पी मासे. धुराच्या फवारणीवर माझा फारसा विश्वास नाही. ती उडते डास मारते, अळ्यांना शिवतही नाही, आणि लोक मात्र गाडी येऊन गेली म्हणून निवांत होतात. गरोदर बाईनं दुपारी लवंडतानाही मच्छरदाणीत लवंडावं, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. डीईईटी असलेलं मलम वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे लावलं तर गरोदरपणात चालतं.

ताप आला तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. डेंग्यू नाही असं ठरेपर्यंत ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. औषधाच्या दुकानातून "अंगदुखीची गोळी" आणायची सवय इथे महागात पडते. डेंग्यू, चिकुनगुन्यानं झिकासारखं व्यंग येत नाही, पण ऐन बाळंतपणात आईला चिकुनगुन्या असेल तर बाळाला जन्मतानाच त्याची लागण होऊन ते गंभीर आजारी पडू शकतं. असा ताप प्रसूतीच्या टेबलावर चढण्याआधी सांगावा, लपवू नये. झिकावर लस नाही, खास औषधही नाही.

पुढचे महिने सोनोग्राफीचे. पाचव्या महिन्यातली व्यंग तपासणारी सोनोग्राफी, मग ठरावीक अंतरानं डोक्याची वाढ आणि मेंदूत चुन्यासारखे ठिपके आहेत का ते बघणं. प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री घरात कुणी नीट जेवत नसे. बाळंतपण माहेरी व्हावं असा सगळ्यांचा हट्ट होता, पण तपासणाऱ्या डॉक्टरांकडेच झालेलं बरं म्हणून आम्ही पुण्यातच थांबलो.

नात झाली. डोक्याचा घेर ३३ सेंटिमीटर. पूर्ण दिवसांच्या मुलीसाठी ३१.५ आणि मुलासाठी ३१.९ च्या खाली गेला तर लहान धरतात. जन्मतः डोकं दाबलेलं असू शकतं, म्हणून एक दिवस उलटल्यावर पुन्हा मोजतात. अंगावरचं दूध पाजायला हरकत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही पाजाच म्हणते.

पण डोकं नीट भरलं म्हणून काम संपत नाही. काही बाळांचं डोकं जन्मतः बरोबर असतं आणि पुढे वाढ मंदावते. काहींच्या नजरेत, ऐकण्यात दोष निघतो, सांधे आखडलेले असतात. म्हणून डोळ्यांचा पडदा, कान आणि वाढीचे टप्पे तपासत राहावे लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी गर्दीत बाळाचं वजन होतं, उंची होते, आणि आई घरी जायची घाई करते. त्यांना स्वतःहून सांगा की गरोदरपणात झिका झाला होता. रिपोर्टची झेरॉक्स माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून ठेवा. पथकातले डॉक्टर दर वेळी तेच असतील असं नाही. आणि डोक्याचा घेर मोजल्याशिवाय, तो कार्डावर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.