पेढीची किल्ली आणि संगणकाची वही

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभे आयुष्य ज्वारी-हरभऱ्याच्या घाऊक व्यापारात गेलेले. अशा माणसाने संगणकाच्या प्रोग्रॅमविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांची कीर्द व खतावणी संगणकातच असते. ज्या वहीवर आपली पत उभी, ती कशी राखली जाते हे मालकासच ठाऊक नसावे, हे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून गेल्या वर्षी आम्हांस जे शिकावे लागले, ते व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

घडले ते असे. आमच्या पेढीच्या ईमेल खात्यावरून काही किरकोळ दुकानदारांस पत्रे गेली की, आमचे बँक खाते बदलले असून येणे रक्कम नव्या खात्यात तात्काळ भरावी. निपाणीकडील एका जुन्या गिऱ्हाइकास शंका आली. "तीस वर्षांत तुमच्या पेढीने 'तात्काळ' हा शब्द कधी लिहिला नाही," असे म्हणून त्यांनी फोन केला आणि अनर्थ टळला. शोध घेता आढळले की, आमचा प्रोग्रॅम तयार करणाऱ्याने ईमेलचा पासवर्ड प्रोग्रॅमच्या मजकुरातच लिहून ठेवला होता, आणि त्या मजकुराच्या प्रती तीन-चार ठिकाणी गेल्या होत्या. चोराने कुलूप फोडले नव्हते. किल्ली दारालाच लटकत होती.

पुढे ज्या तरुणाने हे काम नीट करून दिले, त्याने आम्हांस प्रथम एक गोष्ट समजावली. प्रोग्रॅमच्या पोटात तीन निरनिराळ्या वस्तू असतात व त्या तीन ठिकाणी ठेवावयाच्या असतात.

पहिली वस्तू म्हणजे कामाची रीत : बिल कसे करावे, व्याज कसे मोजावे. यास कोड म्हणतात. दुसरी वस्तू म्हणजे मांडणी : हमालीचा दर, गोणीचे वजन, बिलाचा मथळा, खतावणी कोणत्या संगणकावर आहे त्याचा पत्ता. रीत सर्वांची एक असली तरी या बाबी पेढीगणिक बदलतात. म्हणून त्या कॉन्फिगरेशन फाइल नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहितात. सरावासाठी एक मांडणी व प्रत्यक्ष कारभारासाठी दुसरी ठेवावी, नाहीतर नवशिक्या मुलाने सरावाकरिता केलेली बिले खऱ्या खतावणीत जाऊन बसतात. तिसरी वस्तू म्हणजे गुपिते : पासवर्ड, बँकेशी किंवा ईमेलशी जोडणाऱ्या संगणकी किल्ल्या. रीत व मांडणी कामाच्या माणसांनी वाचली तर बिघडत नाही. गुपित मात्र उघड्या मजकुरात एक दिवसही असू नये.

यासाठी एक सोपी कसोटी आहे. हेरोकू या अमेरिकन कंपनीतील मंडळींनी २०११ च्या सुमारास प्रोग्रॅम बांधण्याचे बारा नियम मांडले. त्यांतील मांडणीविषयीच्या नियमाचा आशय असा की, या क्षणी सारा कोड जगापुढे ठेवला तरी एकही गुपित बाहेर पडता कामा नये. आमचा पहिला प्रोग्रॅम या कसोटीस उतरला नसता.

"मग ती ओळ पुसून टाका," असे आम्ही म्हणालो. तेव्हा कळले की, पुसून भागत नाही. प्रोग्रॅमर लोक आपला कोड बहुधा गिट नावाच्या साधनात ठेवतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली केलेले हे साधन प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवते. कीर्दीत खोडलेली रक्कम जशी खालून वाचता येते, तसा आज काढलेला पासवर्ड जुन्या पानांत वाचता येतो. मोठ्यांचीही यातून सुटका नाही. २०१६ साली उबर कंपनीच्या कोडच्या खाजगी साठ्यात चोर शिरले. तेथे लिहिलेल्या किल्लीने त्यांनी कंपनीची ॲमेझॉनकडील साठवण उघडली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती नेली. कंपनीने ही गोष्ट वर्षभर दडवली व २०१८ मध्ये अमेरिकेतील राज्यांशी तडजोड करताना १४ कोटी ८० लाख डॉलर मोजले.

आता, गुपिते प्रोग्रॅमजवळ ठेवणे सोयीचे असेल तर काय करावे? येथे आम्हांस आजोबांची आठवण झाली. धान्याच्या नमुन्याच्या पुडीवर ते खरेदीचा भाव आकड्यांत लिहीत नसत. एकही अक्षर पुन्हा न येणारे दहा अक्षरांचे एक वाक्य ठरलेले असे. पहिले अक्षर १, दुसरे २, असे करीत दहावे अक्षर शून्य. भाव अक्षरांत लिहितात हे साऱ्या बाजारास ठाऊक होते. वाक्य मात्र घरच्या दोघांनाच. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली हेच तत्त्व सैनिकी गुप्तलेखनासाठी सांगितले : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावे, गुप्तता किल्लीत असावी.

आजोबांची लिपी चार भाव ठाऊक असलेल्या चतुर दलालाने उलगडली असती. आजची कूटलेखनाची पद्धत तशी नाही. २००१ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने स्वीकारलेली एईएस पद्धत सर्वांपुढे प्रसिद्ध आहे, तरी किल्लीवाचून तिचा मजकूर उघडत नाही. मोझिलामध्ये २०१५ साली सुरू झालेले सॉप्स हे साधन फाइलीतील नावे वाचनीय ठेवून फक्त त्यांपुढील मजकूर कूटबद्ध करते. त्यामुळे कोणते गुपित केव्हा बदलले ते दिसते, गुपित दिसत नाही. रेल्स या साधनातही २०१८ पासून गुपितांची फाइल कूटबद्ध असते व तिची मुख्य किल्ली निराळ्या फाइलीत असते. ती किल्ली कोडबरोबर पाठवावयाची नसते. तिजोरी व किल्ली एकाच गाडीतून पाठविल्यास तिजोरी नेण्यात अर्थ काय?

आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. मुख्य किल्ली हरवली तर मालकासही फाइल उघडत नाही. म्हणून तिची दुसरी प्रत मोहरबंद पाकिटात घालून आम्ही पेढीच्या लोखंडी तिजोरीत ठेवली आहे. दुसरी गोष्ट, गुपित फुटल्याचा संशय येताच ते बदलावे. आमचे एक गुमास्ते नोकरी सोडून गेले, तेव्हा आजोबांनी जुन्या पुड्या गोळा करीत वेळ दवडला नाही. त्याच संध्याकाळी वाक्य बदलले. मुख्य किल्ली फुटली असेल तर नुसती तीच बदलून भागत नाही. तिने उघडणारे सारे पासवर्डही बदलावे लागतात.

तात्पर्य, आपल्या प्रोग्रॅम करणाऱ्यास प्रत्येकाने चार प्रश्न विचारावेत. गुपिते कोडमध्ये आहेत काय? ती कूटबद्ध आहेत काय? मुख्य किल्ली कोणाकोणाकडे आहे? आणि उद्या ती फुटली तर सारे पासवर्ड किती वेळात बदलता येतील? आमच्या नव्या तरुणाने शेवटच्या प्रश्नास एक तास असे उत्तर दिले. आम्ही त्यास ते करून दाखविण्यास सांगितले आणि घड्याळ समोर ठेवले. सव्वा तास लागला. त्या दिवसापासून आम्हांस स्वस्थ झोप लागते.