टॅम्पॉनऐवजी डिस्क : पाळीच्या साधनांतील एक बदल

मासिक पाळीच्या साधनांचा विचार आपल्याकडे बहुधा कापड आणि पॅड यांपाशीच थांबतो. राज्यात ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या अस्मिता योजनेतही जिल्हा परिषद शाळांतील किशोरींना ५ रुपयांत ८ पॅड देण्याची तरतूद होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ६४ टक्के पॅड, ५० टक्के कापड आणि केवळ ०.३ टक्के कप वापरणाऱ्या आढळल्या. शरीरात ठेवण्याची साधने वापरणाऱ्या स्त्रिया थोड्याच आहेत. तथापि शिक्षिकेला किंवा आरोग्यसेविकेला त्यांविषयी विचारले जाते, तेव्हा उत्तर ठाऊक असणे इष्ट होय.

टॅम्पॉन म्हणजे कापसाची वा रेयॉनची घट्ट वळी. ती स्राव शोषून घेते, त्याबरोबर योनीतील स्वाभाविक ओलावाही शोषते. डिस्क ही सिलिकॉनसारख्या पदार्थाची मऊ, वाटीसारखी चकती. ती गर्भाशयमुखाखाली, जघनास्थीच्या आधाराने बसते आणि स्राव केवळ साठवते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत प्रत्यक्ष रक्त वापरून साधने तपासली असता डिस्कची धारणक्षमता सर्वाधिक, सरासरी ६१ मिलिलिटर, भरली. अतिरक्तस्रावाने त्रस्त स्त्रीला हा फरक मोठाच.

टॅम्पॉन आठ तासांहून अधिक ठेवू नये. १९८० मध्ये अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉनमुळे जंतुविषाचे जीवघेणे आजार उद्भवले व एक प्रकार बाजारातून मागे घ्यावा लागला. डिस्क सामान्यतः बारा तासांपर्यंत चालते. धोका तेथेही शून्य नाही, म्हणून हात धुणे अटळ. तांबी बसविलेल्या स्त्रीने आधी डॉक्टरांना विचारावे. चकती काढताना तांबीचा दोरा ओढला जाऊ शकतो. अशा साधनांचा कौमार्याशी संबंध जोडणे मात्र शास्त्राला धरून नाही.

पुनर्वापराची डिस्क काही वर्षे टिकते, कचरा वाचतो. पण ती धुवावी लागते, उकळावी लागते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट, अशी स्थिती अनेक पाड्यांवर असते. तेथे हंडाभर पाण्याचा हिशेब साधनाच्या किमतीआधी येतो. शौचालयात पाणी नाही, दाराला आतून कडी नाही, अशा ठिकाणी डिस्क वाटणे निरर्थकच.

केरळातील आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये ५००० कप वाटले. २०१८ च्या महापुरात मदत छावण्यांतील वापरलेल्या पॅडची विल्हेवाट हा मोठा प्रश्न झाला होता. पुढे कुंबळंगी ग्रामपंचायत २०२२ मध्ये पॅडमुक्त घोषित झाली, तीही अठरा वर्षांवरील स्त्रियांना आधी प्रशिक्षण देऊन. कप सुरुवातीला अवघड वाटतो. डिस्क बसविणे व न सांडता काढणे यांसही दोन-तीन पाळ्यांचा सराव लागतो आणि तोवर जोडीला कापड किंवा पॅड ठेवावे लागते.